तिसऱ्या मजल्यावरचा खुळखुळा

आमच्या इमारतीत सातशे माणसं काम करतात. त्यातल्या निम्म्यांना उकडतं आणि निम्म्यांना थंडी वाजते. एकाच वेळी, एकाच मजल्यावर, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना! अठ्ठावीस वर्षं मी हेच ऐकत आलोय. आधी जुन्या इमारतींत बॉयलरवर होतो, आता सहा वर्षं या नव्या इमारतीच्या तळघरात प्लँट सांभाळतो. माणसाची कातडी ही जगातली सगळ्यात खोटारडी वस्तू आहे, असं माझं ठाम मत होतं. होतं म्हणतोय, लक्षात घ्या.

इमारत मात्र काय सांगू तुम्हाला! जमिनीत शंभर मीटर खोल पाइप सोडलेत. हिवाळ्यात त्यातनं ऊब वर ओढायची, उन्हाळ्यात वरची उष्णता खाली नेऊन पुरायची. रात्री वीज कोणाला नको असते तेव्हा टाकीत बर्फ करून ठेवायचा आणि दिवसभर तो वितळवून छतातल्या नळ्यांतनं गार पाणी फिरवायचं. गच्चीवर सौर पॅनेल. खोलीत माणसं किती श्वास घेतायत ते ओळखून तेवढीच हवा आत घेणारे पंखे. नेहमीच्या इमारतीला लागते त्याच्या निम्मीसुद्धा वीज आम्हाला लागत नाही. हे सगळं तळघरातल्या एका पडद्यावर दिसतं आणि त्या पडद्यासमोर मी बसतो. कोणत्या खोलीत किती तापमान आहे, दशांशापर्यंत मला कळतं. त्यामुळे वरनं फोन आला, ‘फार गार वाटतंय हो,’ की मी पडद्यावर बघायचो, ‘चोवीस आहे,’ म्हणायचो आणि फोन ठेवायचो. लोकांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. झोंबू देत. आकडा बघून बोलणारा माणूस मी.

पण दिवसाला चाळीस फोन यायला लागले की आकडा सांगून भागत नाही. मग खुळखुळा बसवावा लागतो.

खुळखुळा म्हणजे काय ते सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला हे माहीत नसतं आणि आमच्यातलं कोणी सांगत नाही. बाहेरून ती अस्सल तापमानाची डबी. गोल बटण, फिरवलं की आकडा वरखाली होतो, कट् असा आवाज येतो, बारीकसा हिरवा दिवा लागतो. आत मात्र दोन सेल, बस्स. भिंतीतनं एकही तार येत नाही. पलीकडे कशाला काही जोडलेलं नाही. मला हे माझ्या वस्तादाने शिकवलं, जुन्या बॉयलरच्या काळात. तो म्हणायचा, ‘‘रडणाऱ्या पोराच्या हातात खुळखुळा दे, आपण आपलं काम कर.’’ आणि खरंच, शंभरातली नव्वद माणसं बटण फिरवून पाच मिनिटांत म्हणतात, ‘‘हां, आता बरं वाटतंय.’’ पहिल्यांदा मी पोट धरून हसलो होतो. आमच्या धंद्यात सगळीकडे हे चालतं. आमच्या इमारतीत असे दहा होते. अकरावा मी माझ्या सख्ख्या बहिणीच्या टेबलामागे बसवला.

बहीण माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. घरात तिला सगळे बारकी म्हणायचे, चव्वेचाळिसाव्या वर्षीही बारकीच. तिसऱ्या मजल्यावर, उत्तरेच्या कोपऱ्यात नकाशांची नोंद ठेवायचं काम करायची. ती नोकरी मीच तिच्या कानावर घातली होती. माझी बहीण माझ्याच इमारतीत, याचा मला कोण अभिमान! दुपारी ती डबा घेऊन तळघरात यायची. पंपांच्या शेजारी ऊब असते, तिथे स्टुलावर बसून जेवायची आणि माझ्या पडद्याला नावं ठेवायची. ‘‘दादा, तुझ्या त्या टीव्हीवर एखादी मालिका लागत असेल तर बघ, त्यात जास्त तथ्य असेल.’’

दोन वर्षांपूर्वी, भर उन्हाळ्यात, तिने पहिला फोन केला.

‘‘दादा, माझ्या कोपऱ्यात फार गारठा आहे रे.’’

मी बघितलं. ‘‘चोवीस पूर्णांक दोन.’’

‘‘असेल. पण माझी बोटं बघ येऊन.’’

‘‘बोटं बघायला मी काय डॉक्टर आहे? स्वेटर घाल.’’

तिने स्वेटर घातला. मग शाल आणली. मग रोज फोन. मला वाटलं, भाऊ तळघरात बसलाय म्हणून बाईसाहेबांचे लाड चाललेत. तरीही मी एकदा खरा तापमापक घेऊन तिच्या टेबलाशी अर्धा तास बसलो. चोवीस. झरोक्यातनं झोत येतो का ते कागदाची पट्टी धरून पाहिलं. पट्टी हललीसुद्धा नाही. शेजारच्या टेबलावरची बाई बिनबाह्यांच्या कपड्यांत बसली होती आणि कागदाने वारा घेत होती. मी बारकीला म्हटलं, ‘‘बघ तिच्याकडे. तुझी थंडी तुझ्या डोक्यात आहे.’’ असंच म्हटलं मी. शब्दन् शब्द आठवतो.

त्याच वर्षी इमारतीची तपासणी होती. वर्षभर वीज ठरलेल्या रेषेखाली राहिली आणि तक्रारी मोजक्याच निघाल्या, तर दारावर सोनेरी पाटी लागणार होती. मॅनेजरसाहेबांनी मला बोलावून बजावलं होतं. मीही हट्टाला पेटलो होतो. चार वर्षं डोळ्यांत तेल घालून जिला सांभाळलं तिला पाटी मिळायलाच हवी, असं मला वाटत होतं. माझं पोरच परीक्षेला बसल्यासारखं. आणि एका सकाळी पडद्यावर तिसऱ्या मजल्याची वीज उगाच वर चढलेली दिसली. शोधत गेलो तर बारकीच्या टेबलाखाली छोटा हीटर! वर्तमानपत्राने झाकून ठेवलेला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळ्यांदेखत मी हीटरची पिन उपटली.

‘‘अगं, सख्ख्या भावाच्या इमारतीत चोरून हीटर लावतेस? लाज वाटत नाही?’’

‘‘तुझी इमारत?’’ तीही चिडली. ‘‘दादा, मला थंडी वाजते. खरंच वाजते. मी काय सोंग करते का?’’

डोळ्यांत पाणी आलं होतं तिच्या. मी हीटर उचलून खाली घेऊन आलो. पण मला चैन पडेना. बारकी रडलेली मला लहानपणापासून बघवत नाही. त्याच शनिवारी, ऑफिस रिकामं असताना, मी कपाटातला एक खुळखुळा काढला, नवे सेल घातले, आणि तिच्या खुर्चीच्या मागच्या भिंतीवर चार स्क्रू मारून व्यवस्थित, लेव्हल लावून बसवला. इतरांचे मी असेच ठोकायचो. हिचा प्रेमाने बसवला. आता यावर हसावं का रडावं तुम्हीच सांगा.

सोमवारी दहाला फोन आला. ‘‘दादा! अरे काय चमत्कार केलास तू! सव्वीसवर ठेवलंय, मस्त ऊब आलीय.’’

‘‘आली ना? मग झालं तर.’’

‘‘मला माहीतच होतं, तू करशील.’’

माझा जीव भांड्यात पडला. त्या दिवशीच्या वहीत मी लिहिलं, तिसरा मजला, उत्तर कोपरा, तक्रार मिटली. पुढचे चौदा महिने तिकडनं एक फोन आला नाही. दर सहा महिन्यांनी मी जाऊन सेल बदलायचो. पाटी लागली. पाटीच्या कार्यक्रमाला बारकी पहिल्या रांगेत होती. शेजारच्या बाईला कोपराने ढोसून सांगत होती, ‘‘तो, तो कोपऱ्यात उभा आहे ना, तो माझा भाऊ.’’

तेव्हाही तिच्या अंगावर शाल होती. मला दिसली नाही असं नाही. ती पांढरी पडत चालली होती, जिना चढताना मधल्या पायरीवर थांबायची, डबा अर्धा परत न्यायची. मी विचारलं तर म्हणायची, ‘‘वय झालं रे, सगळ्यांना थोडंच तुझ्यासारखं लोखंड मिळतं.’’ मी हसायचो. तळघरात येऊन ती हल्ली पंपाला अगदी टेकूनच बसायची. मी म्हणायचो, ‘‘मांजर झालीस.’’ म्हणायची, ‘‘म्याव.’’

आणि मग एका सकाळी ती जिन्यातच कोसळली.

दवाखान्यात रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन साडेपाच. अंगात रक्तच नव्हतं म्हणा ना. डॉक्टरीण बाई तरुण होत्या, पण शांत. दाजी, म्हणजे बारकीचे यजमान, पलंगाच्या एका बाजूला उभे होते, मी दुसऱ्या. डॉक्टरीण बाई एकेक विचारत गेल्या. थकवा कधीपासून? भूक? वजन? मग म्हणाल्या, ‘‘थंडी वाजते का?’’

बारकी म्हणाली, ‘‘वाजायची, दोन वर्षं झाली. पण ते आमच्या ऑफिसचं होतं. आमच्या इमारतीत जरा गारच असतं. माझ्या भावाने नंतर नीट करून दिलं.’’ आणि माझ्याकडे बघून हसली.

डॉक्टरीण बाईंनी तो मुद्दा खोडला आणि पुढचा प्रश्न विचारला.

मी तिथे उभा होतो. मी बोलायला हवं होतं की, नाही हो, इमारतीत गार नव्हतं, चोवीस होतं, मी स्वतः मोजलंय, आणि मी काहीही नीट करून दिलेलं नाही. जगात एकट्या मला हे माहीत होतं. दाजींना वाटायचं ऑफिस गार आहे. ऑफिसातल्या शेजारणीला वाटायचं हिला सवय नाही. खोली गार नाही आणि तरीही ही बाई कुडकुडतेय, याचा पुरावा दशांशासकट फक्त माझ्याकडे होता, दोन वर्षं माझ्या पडद्यावर होता. दुसऱ्या कोणाला कळणं शक्य नव्हतं. मला कळायला हवं होतं. आणि मी काय केलं, तर तिच्या हातात खुळखुळा दिला. तेव्हाही मी गप्प राहिलो.

आतड्यात गाठ होती. कधीपासून आतल्या आत रक्त झिरपत होतं. आता दुखणं यकृतापर्यंत पसरलं होतं. डॉक्टरीण बाई मला आणि दाजींना बाहेर घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, ‘‘वर्षभर आधी आल्या असत्या तर...’’ वाक्य त्यांनी तिथेच सोडलं. दाजी भिंतीला टेकले. मला त्यांच्याकडे बघता येईना.

घरी आल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. तिने भाजीची सुरी खाली ठेवली. मग म्हणाली, ‘‘बारकीला सांगणार आहात?’’

‘‘सांगायला हवं.’’

‘‘सांगितलंत की तुमचं मन हलकं होईल. तिचं काय होईल? जे चार दिवस राहिलेत त्यात तिला काय हवंय ते बघा, तुम्हाला काय हवंय ते नको.’’

पटलं मला. खोटं का बोलू, सुटका झाल्यासारखंच वाटलं. रोज ड्युटी संपली की मी दवाखान्यात जायचो, तिच्या उशाशी बसायचो, इकडच्या तिकडच्या गप्पा मारायचो. तिची मुलगी, माझी भाची, कॉलेज सुटलं की यायची आणि आईचे केस विंचरायची. बारकी तिला सांगायची, ‘‘काही अडलं ना, मामाला सांगायचं. मामा कसंही करून करतो.’’ भाची माझ्याकडे बघायची. मी पाण्याची बाटली भरायला उठायचो.

तिची थंडी मात्र वाढतच गेली. खोलीत सव्वीस असायचं, दाजींना घाम फुटायचा आणि ही दातावर दात आपटायची. एक दिवस माझा हात धरून म्हणाली, ‘‘दादा, इथल्या माणसांना काही जमत नाही रे. तू माझ्यासाठी बसवलं होतंस ना, तसंच एक बसव ना इथे. त्याने मला खरंच बरं वाटायचं.’’

‘‘बघतो,’’ मी म्हणालो.

आणि बघा माझी अक्कल! दुसऱ्या दिवशी मी खरंच तळघरातलं कपाट उघडलं. एक डबी घेतली, फडक्याने पुसली, नवे सेल घातले, स्क्रूड्रायव्हर घेतला, आणि सगळं पिशवीत टाकून दवाखान्यात गेलो. रस्ताभर स्वतःला सांगत होतो, तिला बरं वाटतं ना, मग झालं तर. बायकोही हेच म्हणाली होती.

बारकी एकटीच होती. पिशवीतनं डबी काढली आणि तिचा चेहरा असा उजळला की काय सांगू. ‘‘आणलीस? मला वाटलंच! इथे लाव, माझा हात पोचेल अशी.’’ तिने दोन्ही कोपरांवर जोर देऊन उठायचा प्रयत्न केला. तिचे हात म्हणजे नुसती हाडं राहिली होती. मी डबी भिंतीला टेकवली, पेन्सिलीने खूण केली. स्क्रूड्रायव्हर हातात घेतला. मागनं ती म्हणत होती, ‘‘जरा खाली घे, दादा. हां. तिथेच.’’

मी डबी खाली घेतली आणि पलंगाच्या कडेवर बसलो.

‘‘बारके, हिला तार नाही.’’

‘‘मग जोड ना.’’

‘‘जोडायची नसतेच. ही अशीच असते. रिकामी. तुझी ऑफिसातलीही अशीच होती. मी तुला फसवलं.’’

तिला आधी कळलंच नाही. डबी माझ्या हातातनं घेऊन तिने बटण फिरवलं. कट्, कट्. हिरवा दिवा लागला. मी मागचं झाकण काढून दाखवलं. दोन सेल आणि बाकी मोकळी जागा. तिने आत बोट घालून पाहिलं.

‘‘चौदा महिने?’’

‘‘हो.’’

‘‘मी भांडले होते रे तुझ्यासाठी. ती बिनबाह्यांची म्हणाली होती, हे काही चालत नाही, नुसतं दाखवायला आहे. मी तिला म्हटलं, तोंड सांभाळ, माझ्या भावाने बसवलंय. अजून बोलत नाही मी तिच्याशी.’’

तिने डबी चादरीवर ठेवून दिली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. पाऊण तास. नर्स येऊन सलाईन बदलून गेली तरी तिने इकडे बघितलं नाही. मला वाटलं, झालं, आता ही माझ्याशी बोलायची नाही. जायचीही तशीच. ऊठ म्हणाली असती तर उठलो असतो, पण ती तेही म्हणेना.

मग तिने तोंड न वळवताच विचारलं, ‘‘दादा, मी फोन करायचे ना तुला, थंडी वाजतेय म्हणून. तुला ते खरं वाटायचं का रे?’’

हो म्हणायला काय जात होतं माझं? एक अक्षर. पण आता एवढं झाल्यावर आणखी एक खोटं तोंडातनं निघेना.

‘‘नाही,’’ मी म्हणालो.

तिने मान हलवली. रागाने नाही. हिशेब जुळल्यावर हलवतात तशी.

‘‘म्हणून मग मलाही ते खरं वाटेनासं झालं,’’ ती म्हणाली. ‘‘घरी रजईत शिरले तरी वाजायची. हे दोन रजया घालायचे माझ्यावर. डॉक्टरकडे जाऊ म्हणायचे. मी म्हटलं, काही नको. दादाने मोजलंय, चोवीस आहे. दादाने नीट करून दिलंय. तरीही मला वाजतेय, म्हणजे माझंच काहीतरी मनाचं असणार. लोकांना कशाला सांगत सुटायचं? म्हणून गप्प बसले.’’

मी रडलो. पन्नाशी उलटलेला माणूस, तिच्या पायांवर डोकं ठेवून हमसून हमसून रडलो. तिने माझ्या केसांवर हात ठेवला की नाही ते विचारू नका. नाही ठेवला. ठेवायला हवा होता असंही मी म्हणणार नाही.

थोड्या वेळाने ती एवढंच म्हणाली, ‘‘आताही वाजतेय.’’

‘‘हो,’’ मी म्हणालो. ‘‘वाजतेय तुला.’’

मी नर्सकडून आणखी दोन ब्लँकेटं मागून आणली. ती तिच्या अंगावर घातली, कडा गादीखाली खोचल्या, आणि तिचे पाय मांडीवर घेऊन तळवे चोळत बसलो. बर्फ होते नुसते. घरात तेच, जिन्यात तेच, माझ्या पंपाशेजारी स्टुलावर तेच असणार, दोन वर्षं. मी एकदाही हात लावून बघितलं नव्हतं. माझ्या शर्टाला घाम आला होता. ती कुडकुडतच होती. मी मधनंमधनं विचारायचो, ‘‘अजून?’’ आणि ती म्हणायची, ‘‘अजून.’’ आणि मी चोळत राहायचो.

तिची थंडी मी त्या दिवशी पहिल्यांदा खरी मानली. त्यानंतर बारकी नऊ दिवस होती.